पाठकोरे

"स्वतःविषयी सांगा."
आरशासमोर चौथ्यांदा:
मी शिवकन्या दिगंबर ढवळे, सेलू, जिल्हा परभणी,
बी.कॉम., एकाहत्तर टक्के.
इंग्रजीतून म्हटले की एकाहत्तर जरा कमी वाटतात.

खराडीहून प्रणिताचे व्हॉइस मेसेज,
मागे लिफ्टचा आवाज:
एनएव्ही झोपेतही सांगता आली पाहिजे.
फंडाजवळ आहे ते मोज, देणं आहे ते वजा कर,
उरेल त्याला युनिटांनी भाग. रोज.
तिकडचा बाजार मिटला की आपली पाळी सुरू.
आणि हसून बोल. पण फार नको.

हे सगळं मी लिहून घेते
पावतीपुस्तकांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पुढून पतसंस्थेचं नाव, छापलेली समई,
"आपला पैसा, आपली माणसं".
अशी अकरा पुस्तकं उरलीत घरात.
पतसंस्था नाही उरली.

बाबा पिग्मी एजंट होते.
रसवंतीचा उत्तरेश्वर, वीस रुपये.
खाजाभाई पंक्चरवाले, तीस.
शकुंतला कासारीण, दहा,
तेही चिल्लर, काचेचा चुरा झटकून.
आधी सायकल, मग लुना, मग पुन्हा सायकल.
चेअरमन गेले त्या सकाळी शटरला दोन कुलपं होती:
एक त्यांनी लावलेलं, एक लोकांनी.
तेव्हापासून बाबा बाजारात मागच्या गल्लीनं जातात.

आज तेच साहेब झालेत, खुर्ची ओढून,
चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांजवळ.
"ट्रेड डेट अन् सेटलमेंट डेट. फरक सांगा, मॅडम."
"सौदा ठरतो तो एक दिवस,
पैसे हाती पडतात तो दुसरा."
"मधी किती जातात?"
"एक दिवस. कधी दोन."
बाबांनी कागद उगाच उलटला.
पलीकडं समई होती.
परत सुलटा केला.

"ब्रेक म्हंजे? गाडीचा व्हय?"
"नाही हो. दोन वह्या जुळत नाहीत,
तिथं जो फरक उरतो तो."
"मग काय करायचं त्याचं?"
"शोधायचा. सापडेस्तोवर उघडा ठेवायचा.
कुणाचा, किती, किती दिवसांचा,
लिहायचं. वर कळवायचं."
"अन् चूक आपलीच निघाली तर?"
"किंमत पुन्हा काढायची.
ज्याचं नुकसान झालं त्याला भरून द्यायचं."
"देतेत?"

हा प्रश्न प्रणिताच्या यादीत नाही.

ते उठले. धान्याच्या कोठीमागून
दोनशे पानी वही काढली, शाळेची, माझ्याच सातवीतली.
दोनशे चौदा नावं. रक्कम. शेवटच्या वसुलीची तारीख.
अक्षर पावतीवर असायचं तसंच, घाई नसलेलं.
काही नावांपुढं पेन्सिलची बारीक खूण.
शकुंतला कासारणीपुढं होती. खाजाभाईपुढं अर्धी.
उत्तरेश्वरापुढं काहीच नाही.
कसली खूण ते मी विचारलं नाही.
लुना कधी विकली ते मला आठवत होतं.

"हे दाखवू नको हां तिथं," बाबा म्हणाले,
"उगं आपलं, तुझ्या अभ्यासाला."

नऊची ट्रॅव्हल्स. उद्या अकराला मुलाखत.
कॅरिअरवर बॅग, बॅगेत आत्याचा इस्त्रीचा कुर्ता,
बाबा सायकल हातानं ढकलत, मी बाजूनं.
वळणावर मागच्या गल्लीकडं पाय वळले माझे.
ते सरळ निघाले होते, बाजारातून.

उत्तरेश्वरानं यंत्र थांबवलं. घुंगरं थांबली.
"कुठं निघालीस गं?"
"पुण्याला," बाबाच बोलले, "हिशोबाच्या कामाला."
तो बघत राहिला. आधी बाबांकडं, मग बॅगेकडं.
"हिशोबाच्या," म्हणाला,
अन् पुन्हा एक कांडं यंत्रात घातलं.

जिंतूरच्या पुढं गाडीतला दिवा मालवला.
मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
"याच क्षेत्रात का यावंसं वाटलं?"
प्रणितानं दिलेलं उत्तर पाठ आहे:
मला आकड्यांची आवड आहे.
एवढं म्हणून मी थांबते,
पुढचं वाक्य इंग्रजीत कसं करायचं
ते अजून जुळत नाहीये.